बाजेवरचा देवीलाल

भिंतीला टेकवून उभी केलेली बाज म्हणजे कुणालाच नको असलेली बाज. मी तशीच एक जुनी बाज आहे, मित्रांनो. बोरी अरबजवळच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यात, नेमसिंग मास्तरच्या घरामागच्या पडवीत मी उभी आहे. माझ्या एका अंगाला कडब्याच्या पेंढ्या आहेत आणि दुसऱ्या अंगाला एक मोडका वखर. दोघेही बोलत नाहीत. दिवस दिवस कुणी इकडे फिरकत नाही. म्हणून म्हटलं, तुम्ही तरी घटकाभर थांबा. ‘बसा’ असंही म्हटलं असतं, पण माझ्या दोरीचा आता काही भरवसा राहिलेला नाही.

माझा जन्म १९५६ सालचा. बोरीच्या बाजारात एका सुताराने माझी लाकडं जोडली आणि दोरी देवीलालने स्वतः वळली, अंगणात बसून, अंबाडीची. देवीलाल म्हणजे नेमसिंगचा बाप. या तांड्यातल्या माणसांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत. रोज मुक्काम बदलणाऱ्यांना बाज कशाला हवी? ते भुईवर निजत. देवीलालला जमीन मिळाली, घर झालं, आणि मग त्या घरात मी आले. माझ्याआधी त्या घरात बाज नव्हती. त्यामुळे पहिल्या दिवशी सारा तांडा मला बघायला आला होता आणि प्रत्येकाने बसून पाहिलं होतं. त्या दिवसासारखं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही.

आम्हा बाजांना माणसाचा चेहरा फारसा दिसत नाही. माणूस आमच्याकडे पाठ करतो, तेव्हाच तो आमचा होतो. पण वजन आम्हाला बरोबर कळतं. कोण खरंच दमून आलं आहे, कोण रागावून आलं आहे आणि कोण नुसतं कामाला टाळाटाळ करत आडवं झालं आहे, हे दोरीला लगेच समजतं. देवीलालला मी असं आतून बाहेरून ओळखत होते.

तो कसा होता, सांगू? तो नेहमी डाव्या अंगाला कलून बसे, त्यामुळे माझ्या एका बाजूला कायमचा झोळ पडला. स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसे. पालीला भीत असे, आणि ‘मी भीत नाही, मले किळस येते’ असं म्हणे. जेवणात मीठ कमी पडलं की दिवसभर तोंड फुगवून बसे. एकदा शेजारचा एक म्हातारा तापाने फणफणला, तेव्हा याने मला घरातून ओढून काढलं, म्हाताऱ्याला माझ्यावर घातलं आणि चौघांनी मिळून आम्हाला बोरीच्या दवाखान्यात नेलं. सबंध वाटभर देवीलाल त्या म्हाताऱ्याला बोलत होता. ‘बुढ्या, तू खातं काय बे? बैल परवडला!’ म्हातारा बरा झाला. देवीलाल नंतर कितीतरी दिवस खांदा दुखतो म्हणून कण्हत होता. चांगला होता तो, मित्रांनो. पण त्याचं चांगलेपण असं कुरकुरत येत असे.

त्याची बायको मानीबाई. सबंध तांड्यात तिच्यासारखा ढावलो कुणाला येत नसे. ढावलो म्हणजे रडत रडत म्हणायचं गाणं. लग्न होऊन मुलगी निघाली, की ती आईच्या, भावाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. घरातलं माणूस गेलं, की बायका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून म्हणतात. ते कुणी शिकवत नाही. मनात असेल ते सुरात बाहेर येतं, आठवणीही येतात आणि गाऱ्हाणीही. एखाद्या लाजऱ्या नवरीला सूर सापडला नाही, तर मानीबाईला बोलावणं येई. ती नुसती जवळ बसून सुरुवात करून देई, आणि मुलगी मोकळी होई.

या दोघांचं भांडण मला नवं नव्हतं. पण १९६१ सालच्या हिवाळ्यातलं भांडण वेगळं होतं. मानीबाईची एक बकरी होती, कबरी. जन्मतःच आई मेलेलं ते पिल्लू तिने वाटीने दूध पाजून वाढवलं होतं. मानीबाई शेतात गेली की कबरी माझ्याखाली येऊन बसे आणि माझी दोरी चघळे. मला ती मुळीच आवडत नसे, पण घरातलीच होती. त्या हिवाळ्यात पुसदकडचे पाहुणे आले. देवीलालला पाहुण्यांपुढे मोठेपणा मिरवायची भारी हौस. मानीबाई कापूस वेचायला गेली होती. याने तिला न विचारता कबरी कापली. पाहुणे पोटभर जेवले आणि माझ्यावर बसून ‘दिलदार माणूस’ म्हणून त्याची तारीफ करत राहिले. मानीबाई संध्याकाळी परत आली. तिने रिकामा खुंटा बघितला आणि ती तशीच आत गेली.

त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायची, तांब्या ठेवायचा आणि पाठ फिरवून निघून जायचं. देवीलाल माझ्यावर पडून या कुशीवरून त्या कुशीवर होई. त्याला चूक कळली होती. पण चूक झाली असं म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती.

मग एका दुपारी मानीबाईने ताट ठेवलं आणि ती वळली. देवीलाल मागून म्हणाला, ‘ऐकून राह्यली का?’

तिने मागे पाहिलं नाही. ती गोठ्याकडे गेली. देवीलालने छातीवर हात दाबला आणि तो आडवा झाला. आणि मग माझ्यावरचं वजन बदललं. ते कसं बदललं हे मला सांगता येत नाही. मानीबाई परत आली, तेव्हा ताट तसंच होतं.

माणूस माझ्यावर गेला म्हणून मला घराबाहेर काढून भिंतीला उभं केलं. तांड्यातल्या बायका जमल्या. त्यांनी मानीबाईच्या गळ्यात हात घातले आणि ढावलो सुरू केला. सगळ्या रडल्या. मानीबाई रडली नाही. ती दगडासारखी बसून राहिली. दिवस गेले, महिने गेले, तरी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. बोलणंही कमी झालं. ती कामं करी, पण जेवताना मध्येच तिचा हात थांबे. मी बाहेर उभी होते आणि ती आत बसलेली होती. देवीलालचं शेवटचं बोलणं या जगात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि मी पडले लाकूड.

नेमसिंग बोरीच्या शाळेत मास्तर होता. पुसदला शिकलेला, वाचनाचा नाद असलेला. आईची ही दशा त्याला बघवेना. मानीबाई एकदा रडली पाहिजे, नाहीतर हे आतल्या आत तिला खाऊन टाकील, असं तांड्यातली जाणती माणसं म्हणू लागली. तेव्हा नेमसिंगने ठरवलं, की आपण बापावर नाटक लिहायचं आणि होळीला तांड्यात करायचं. ते बघून आई रडेल. त्याने मला पडवीत आडवं केलं आणि माझ्यावर बसून तो लिहू लागला. मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यावर टेकलं होतं.

तो लिहिताना मोठ्याने वाचत असे. त्याने नाटकाचं नाव ठेवलं ‘पुण्यवान पिता’. मी ऐकू लागले आणि चकित झाले. नाटकातला देवीलाल कधी रागावत नव्हता. तो पहाटे उठून सर्वांच्या कल्याणाचा विचार करी. पाहुण्यांना तो स्वतःच्या ताटातली भाकरी देई आणि आपण उपाशी निजे. आजारी म्हाताऱ्याला तो एकट्याने पाठीवर घेऊन हसतमुखाने बोरीला जाई. पाली नव्हत्या, तोंड फुगवणं नव्हतं आणि कबरी तर नावालाही नव्हती. शिवाय तो शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलत होता! खरा देवीलाल घरात बंजाऱ्यांची गोर बोली बोले आणि बाजारात वऱ्हाडी. त्याच्या तोंडी ‘हे जीवन क्षणभंगुर आहे’ असं वाक्य ऐकून मी करकरले, पण नेमसिंगला वाटलं दोरी सैल झाली.

देवीलालचं काम फुलसिंगकडे आलं. फुलसिंग तरुण शेतकरी, नकला करण्यात तरबेज. कुणाचीही चाल, कुणाचंही बोलणं तो हुबेहूब करी. पण तालमीत तो माझ्यावर बसला आणि अवघडला.

‘मास्तर, मी हात कोठी ठेवू?’ त्याने विचारलं.

‘काहून? तुह्या हाताले काय झालं?’

‘या माणसाले करायलेच काही नाही नं. नुसतं चांगलं चांगलं बोलून राह्यला. न चिडते, न भांडते, न कोणाले भेते. मी करू तं काय करू?’

‘थो मोठा माणूस होता, फुलसिंग. मोठ्या माणसाले शोभन असं शांत बस,’ नेमसिंग म्हणाला. फुलसिंग मांडीवर हात ठेवून ताठ बसला. तो माझ्या बरोबर मधोमध बसला होता, आणि माझ्या झोळ पडलेल्या बाजूला काहीच नव्हतं.

मानीबाईचं काम धावजीने घेतलं. त्यासाठी बिचाऱ्याने मिशा उतरवल्या. नाटकातली ही बायको रोज नवऱ्याचे पाय चेपी, आणि शेवटच्या प्रवेशात त्याचं डोकं मांडीवर घेऊन हंबरडा फोडी. मरताना देवीलाल इतकं लांब भाषण करी, की मला धावजीच्या मांडीची काळजी वाटे.

होळीला दिवेलागणीच्या वेळी नाटक झालं. मलाही मंचावर नेलं होतं. गॅसबत्त्यांच्या उजेडात सारा तांडा बसला होता आणि पुढच्या रांगेत मानीबाई होती. भाषणांना टाळ्या पडल्या. शेवटी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नेमसिंग पडद्याआडून एकटक आईकडे बघत होता. मानीबाईचे डोळे कोरडे होते. धावजीने हंबरडा फोडला, तेव्हा तिने मान खाली घातली आणि ती उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी नेमसिंगने तिला भीत भीत विचारलं, ‘याडी, बा आठवला का?’ त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. घरातलं त्यांचं सगळं बोलणं गोर बोलीतलं, मी तुमच्यासाठी ते इकडच्या वऱ्हाडीत सांगते आहे.

मानीबाई म्हणाली, ‘नाही. थो माणूस माह्या घरी कधी आलाच नाही.’

खरा घोटाळा त्यानंतर झाला. तांड्यातल्या बायका येता-जाता तिला म्हणू लागल्या, ‘मानीबाई, नशीबवान तू! शेवटपर्यंत पाय चेपले, मांडीवर जीव सोडला त्यानं.’ नाटक बघून त्यांना तेच खरं वाटू लागलं होतं. मानीबाई काय सांगणार? मी ताट ठेवून पाठ फिरवली, असं म्हणणार? नाटकातली ती सोन्यासारखी बायको तिच्या उरावर येऊन बसली. आधी ती निदान विहिरीवर बायकांत जाई. आता सगळ्यांच्या आधी जाऊन पाणी आणू लागली आणि कुणी आलं की दार लोटून घेऊ लागली. नंतर नंतर तर ती नेमसिंगकडेही बघेनाशी झाली. मला पुन्हा भिंतीला उभं केलं होतं. तिथून मला ते लोटलेलं दार दिसे आणि मला फार वाईट वाटे. इतकं एकटं माणूस मी पाहिलं नव्हतं.

नेमसिंग वेडा नव्हता. आई आणखी दूर गेली हे त्याला दिसत होतं. एका सुटीच्या दिवशी त्याने मला पुन्हा आडवं केलं, माझ्यावर बसून सबंध नाटक वाचलं आणि पानं बाजूला ठेवली. मग तो बापासारखा डाव्या अंगाला कलला. बापाने पाडलेल्या झोळात तो घसरला आणि तिथेच बसून राहिला. तो स्वतःशीच म्हणाला, ‘माह्या बापाशी त रोज भांडण होये. या नाटकातल्या बुढ्याशी कोणाले भांडताच येत नाही.’

मग तो वेगळं लिहू लागला. ते त्याला सोपं गेलं नाही. पालीचा प्रसंग लिहिला आणि खोडला, कारण बापाची अब्रू जाईल असं वाटलं. पुन्हा लिहिला आणि एकटाच हसला. म्हाताऱ्याला नेतानाचं ते बोलणं आलं, आणि दुखरा खांदा आला. कबरी लिहिताना त्याचा हात थांबला, पण त्याने लिहिलं. आईने बोलणं टाकलं होतं हे तांड्याला नसलं तरी त्याला ठाऊक होतं, तेही लिहिलं. सारं आपल्या बोलीत लिहिलं. आणि नवल म्हणजे, बकरी कापणारा तो देवीलाल ऐकताना मला त्याची नाटकातल्या देवमाणसापेक्षा कितीतरी जास्त आठवण येत होती.

अखजीला, म्हणजे गेलेल्या माणसांच्या नावाने ताट वाढायच्या दिवशी, हे नवं नाटक करायचं ठरलं. तालीम आमच्याच अंगणात, कडुनिंबाखाली, उन्हं कलल्यावर चालली होती. मानीबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसली होती. ती बघत नव्हती. सूप मात्र एकसारखं वाजत होतं.

फुलसिंगला आता हात कुठे ठेवू असा प्रश्न पडला नाही. तो आला, माझ्यावर डाव्या अंगाला कलून बसला, पाल बघून त्याने पाय वर घेतले, आणि मी मनात म्हटलं, आला ग बाई हा! धावजीने ताट ठेवलं आणि पाठ फिरवली. फुलसिंग आडवा झाला आणि थांबला.

‘मास्तर, आता मी काय बोलू? अथी त कागद कोराच हाये.’

‘मले मालूम नाही, गड्या,’ नेमसिंग म्हणाला. ‘मी शाळेत गेलतो. बा काय बोलला, मले मालूम नाही.’

‘मंग बनवून द्या नं एखादं झकास वाक्य. मागं दिलं होतं तसं.’

‘मागं बनवलं थेच चुकलं. कोरं राहू दे.’

ओट्यावरचं सूप थांबलं.

‘‘ऐकून राह्यली का?’ असं म्हटलं त्यानं,’ मानीबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. ती सुपातल्या डाळीकडे बघत बोलत होती. ‘भांडण झालं का थो असंच सुरू करे. मी ‘काय’ म्हणो. थो ‘काही नाही’ म्हणे. झालं, लागे बोलणं. त्या दिवशी मी ‘काय’ म्हटलंच नाही. पाठ करून निंगून गेली. तुम्ही नाटकात माह्या मांडीवर त्याचं डोस्कं ठेवलं. थो एकटा मेला. त्यानं आवाज देल्ला, अन् मी गोठ्यात गेली.’

फुलसिंग माझ्यावर तसाच आडवा होता. त्याने मान थोडी वळवली आणि हळूच, जराही नाटक न करता, देवीलालच्याच आवाजात म्हटलं, ‘ऐकून राह्यली का?’

मानीबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. डाळ ओट्यावर पसरली.

‘काय?’ ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, ‘काय? काय ऐकू? माही कबरी कापली, थे ऐकू? मले इचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं का? असा कसा रे तू? ताट तसंच ठेवून कोठी गेला?’

आणि बोलता बोलता तिच्या आवाजाला सूर आला. तो ढावलो होता. पहिल्या ओळीत कबरी आली, दुसरीत पाहुणे आले, मग त्याचं फुगलेलं तोंड, पाली, खांदा, सारं आलं. शिव्याही आल्या. मध्येच ‘मी मांगं पाह्यलं नाही रे’ हेही आलं, पुन्हा पुन्हा आलं. ती ओट्यावरून उतरली, माझ्याजवळ आली आणि माझ्या लाकडाला घट्ट धरून रडू लागली. फुलसिंग केव्हाच उठून बाजूला झाला होता. विहिरीवरच्या बायका भांडी टाकून धावत आल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या. त्यांना जे ऐकायला मिळालं त्यावर कुणीही नाक मुरडलं नाही. उलट प्रत्येकीला आपलं न बोललेलं काहीतरी आठवलं आणि अंगण रडण्याने भरून गेलं. मीही रडले असते, मित्रांनो.

रडून झाल्यावर मानीबाईने तोंड धुतलं. मग ती डाळ गोळा करायला बसली. नेमसिंग शेजारी बसून डाळ वेचू लागला. तो म्हणाला, ‘याडी, हे मी नाटकात नाही टाकत. लोक तुले नावं ठेवतीन.’

ती म्हणाली, ‘टाक. मले चांगली नको करू. मले चांगली केली, तं थो ‘ऐकून राह्यली का’ कोणाले म्हणन?’

अखजीला नाटक तसंच झालं. पुढे नेमसिंगची पुसदला बदली झाली. तो आईला घेऊन गेला. तिथे लोखंडी पलंग आहे म्हणे. नेताना मानीबाईने माझ्यावरून एकदा हात फिरवला. इथे आता सण झाला तरी कुणी येत नाही. मी एकटी आहे, आणि एकटेपणाची सवय होते असं म्हणतात ते मला तरी खरं वाटत नाही.

पण मला झाडून-पुसून ठेवा, अशी माझी विनवणी नाही. माझं मागणं दुसरं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या गोष्ट लिहील, कुणी नाटक लिहील. आपल्या गेलेल्या माणसावर तुमचं प्रेम असेल, म्हणून तुम्ही त्याचा राग पुसाल, हट्ट पुसाल, त्याने कापलेली बकरी पुसाल. तसं करू नका. लिहून झालं की एकदा विचारा, याच्याशी आपल्याला भांडता येईल का? येत नसेल, तर तो आपला माणूस नव्हे, दुसराच कुणीतरी आहे. जे ठाऊक नसेल ते कोरं सोडा. मेलेल्या माणसाला तुमच्या कौतुकाने काही मिळत नाही. पण त्याच्यामागे घरात कुणीतरी दार लोटून बसलेलं असतं, आणि त्याला त्या गेलेल्या माणसाशी अजून बोलायचं असतं.